छोटा रन-अप

वेगवान गोलंदाज चेंडू टाकण्याआधी लांबून धावत येतो. या धावण्याला रन-अप म्हणतात. गल्लीत खेळणाऱ्या मुलांना वाटते, की रन-अप जितका लांब, तितका चेंडू वेगवान. आमच्या पाचोऱ्यातही असेच होते. पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे झाले, की मुले तिथे तीन काठ्या रोवत आणि खेळ सुरू होई. माझा धाकटा भाऊ डावखुरा. तो थेट बांधापासून धावत येई. चेंडू हातातून सुटेपर्यंत बिचारा अर्धा दमलेला असे!

त्याचा आवडता खेळाडू होता झहीर खान. एक तर तोही डावखुरा. शिवाय तो आपल्याच महाराष्ट्राचा, आणि तोही मुंबई-पुण्याचा नव्हे, तर अहमदनगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. त्याचे शालेय शिक्षण श्रीरामपुरातच झाले. पुढे तो क्रिकेटसाठी मुंबईला गेला. चेन्नईच्या एम. आर. एफ. पेस फाउंडेशनमध्ये त्याने वेगवान गोलंदाजीचे धडे घेतले. रणजी करंडकात तो बडोद्याकडून खेळला. २००० साली तो भारतीय संघात आला. छोट्या गावातला मुलगा एवढा पुढे गेला, याचे आम्हां भावांना फार अप्रूप होते.

पण मला आज झहीरचे यश सांगायचे नाही. त्याच्या कठीण काळाविषयी सांगायचे आहे. कारण त्याच काळाने आमच्या घरातला एक प्रश्न सोडवायला मदत केली.

२००३ च्या विश्वचषकात झहीरने १८ बळी घेतले. भारताच्या कोणत्याही गोलंदाजापेक्षा ते जास्त होते. २३ मार्चला जोहान्सबर्ग येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध अंतिम सामना होता. सामन्याचे पहिले षटक झहीरने टाकले. त्यात १५ धावा गेल्या. ७ षटकांत त्याने ६७ धावा दिल्या आणि त्याला एकही बळी मिळाला नाही. भारत १२५ धावांनी हरला. लोक आधीचे १८ बळी विसरले. त्यांना ते पहिले षटक तेवढे लक्षात राहिले.

पुढची दोन-तीन वर्षे दुखापतींची गेली. २००३ च्या डिसेंबरात ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने एका डावात ५ बळी घेतले, पण लगेच मांडीच्या मागचा स्नायू दुखावला. पुढच्या कसोटीत त्याच्या जागी इरफान पठाण हा नवा डावखुरा गोलंदाज आला आणि त्याने सर्वांची मने जिंकली. २००५ च्या अखेरीस क्रिकेट मंडळाने झहीरला 'ब' श्रेणीतून 'क' श्रेणीत उतरवले. २००६ च्या सुरुवातीला पाकिस्तानचा दौरा झाला. त्यानंतर संघाच्या यादीत त्याचे नाव दिसेनासे झाले. वय होते सत्तावीस. वेगवान गोलंदाजाचे हेच तर भराचे वय!

अशा वेळी माणूस काय करतो? कोणी रुसून बसतो. कोणी दुसऱ्यांना दोष देतो. झहीर इंग्लंडला गेला आणि वूस्टरशायर या कौंटी संघाकडून खेळू लागला. कौंटी म्हणजे इंग्लंडमधला परगणा. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तिथे या परगण्यांचे सामने चालतात. एकेक सामना चार दिवसांचा. एक संपला, की थोड्याच दिवसांत दुसरा. प्रेक्षक थोडे आणि हवा गार. शिवाय वूस्टरशायर त्या वर्षी दुसऱ्या गटात खेळत होते. ज्याने विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला, त्याच्यासाठी ही पायरी खालचीच होती.

नेमके त्याच उन्हाळ्यात, म्हणजे २००६ च्या जूनमध्ये, दहावीचा निकाल लागला. माझा भाऊ गणितात नापास झाला.

मी तेव्हा डी. एड. करत होतो. सुटीत घरी आलो, तर घर गप्प होते. अम्मी चुलीपुढे बसून होती. भाऊ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. गुणपत्रिका त्याने उशीखाली लपवली होती. मित्र बोलवायला आले तरी तो बाहेर गेला नाही. रात्री तो मला एवढेच म्हणाला, "भाईजान, माझं डोकंच कच्चं आहे. आता मला शाळेचं नाव सांगू नका."

चार दिवसांनी शेंदुर्णीचे मामू आले. तेव्हा पाचोरा ते जामनेर अशी अरुंद रुळांची छोटी रेल्वे धावत असे. सगळे तिला 'पी. जे.' म्हणत. ती २०२० साली बंद झाली. त्या गाडीने मामू आले आणि म्हणाले, "भाईसाहेब, पोराला घरी बसवून काय करता? जळगावच्या एका गॅरेजमध्ये माझी ओळख आहे. उद्यापासून कामाला लागेल. चार पैसे तरी आणील."

मामूंचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमच्या घरची परिस्थिती बेताची होती. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते, पण गावात मोटारसायकली वाढल्या आणि दुकानाची कमाई घटली. भाऊ कामाला लागला असता, तर घराला आधार झाला असता. पण मग तो पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही, हे आम्हां सगळ्यांना कळत होते. आमच्याच नात्यातली दोन मुले अशीच 'थोड्या दिवसांसाठी' कामाला गेली होती. ती शाळेत परत आली नाहीत.

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी भावाला दुकानात नेले. मीही मागोमाग गेलो. एक पंक्चर झालेली सायकल उभी होती. अब्बांनी ट्यूब काढली, तिच्यात हवा भरली आणि ती पाण्याच्या घमेल्यात बुडवली. एका ठिकाणाहून बुडबुडे येऊ लागले.

"बेटा, काय दिसतं?" अब्बांनी विचारले.

"भोक," भाऊ म्हणाला.

"किती मोठं?"

"टाचणीच्या टोकाएवढं."

"एवढ्याशा भोकासाठी कोणी सायकल फेकून देतं का? आधी भोक शोध. मग ठिगळ लाव. ऑक्टोबरपर्यंत तुला मोकळीक. त्यानंतर मामूंच्या गॅरेजला जायचं की नाही, ते तूच ठरव."

नापास झालेल्यांची फेरपरीक्षा तेव्हा ऑक्टोबरात होत असे.

मी भावाच्या गणिताच्या जुन्या वह्या काढल्या. आम्ही दोघे भोक शोधू लागलो. दोन दिवसांत ते सापडले. दहावीची सूत्रे त्याला पाठ होती. पण अपूर्णांक आणि ऋण संख्या आल्या, की त्याचा हिशेब चुके. पाचव्या ओळीत चिन्ह बदले आणि सगळे उदाहरण फुकट जाई. म्हणजे तो दहावीच्या गणितात कच्चा नव्हता, तर सातवीच्या गणितात कच्चा होता! तीन वर्षे ते भोक तसेच राहिले होते.

मी म्हणालो, "सातवीच्या पुस्तकापासून सुरुवात करू." त्याला ते फार लागले. दहावीचा मुलगा सातवीचे पुस्तक घेऊन बसणार? मित्रांनी पाहिले तर ते काय म्हणतील? तो पुस्तकाला हात लावीना.

याच दिवसांत वर्तमानपत्रात एक बातमी आली. एसेक्सविरुद्धच्या सामन्यात झहीरने एका डावात ९ बळी घेतले होते. पडलेले पहिले नऊही गडी त्याचेच! शेवटच्या जोडीचा एक झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला, नाहीतर दहाच्या दहा बळी त्याला मिळाले असते. भावाने ती बातमी दोनदा वाचली. मग विचारले, "भाईजान, हा दुसऱ्या गटाचा सामना होता ना?"

"हो."

"तरी तो इतक्या मन लावून खेळला?"

मी काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर भाऊ ओट्यावर सातवीचे पुस्तक घेऊन बसला होता.

त्याने मोठमोठे संकल्प केले नाहीत. रोज फजरच्या नमाजानंतर दहा उदाहरणे सोडवायची, एवढेच ठरवले. अकरावे नाही आणि नववे चुकवायचे नाही. चुकलेले उदाहरण संध्याकाळी पुन्हा करायचे. दुपारी तो अब्बांच्या दुकानात बसे. पहिल्या आठवड्यात दहांपैकी चार बरोबर आली. मध्ये एकदा ताप आला आणि पाच दिवस बुडाले. त्या वेळी तो पुन्हा निराश झाला. पण ऑगस्टमध्ये दहांपैकी आठ बरोबर येऊ लागली, तेव्हा तो आपणहून म्हणाला, "आता दहावीचं पुस्तक काढा."

मुलामुलींनो, आपल्याला वाटते, की आधी मनात उत्साह यावा आणि मग काम सुरू करावे. माझ्या भावाचे उलटे झाले. काम आधी सुरू झाले. उत्साह हळूहळू मागून आला. चार उदाहरणे बरोबर आली, तेव्हा त्याला पाचव्याची उमेद वाटली.

झहीरचेही त्या हंगामात काम बोलत होते. वूस्टरशायरकडून पहिल्याच सामन्यात त्याने १० बळी घेतले. हंगाम संपेपर्यंत त्याचे ७८ बळी झाले आणि त्याचा संघ वरच्या गटात गेला. इतक्या षटकांचा भार पेलायचा, तर शरीराची शक्ती जपून वापरायला हवी. म्हणून त्याने आपला रन-अप छोटा केला. जे धावणे उपयोगाचे नव्हते, ते काढून टाकले. उरलेली शक्ती चेंडूच्या दिशेसाठी आणि टप्प्यासाठी वापरली. दमणे कमी झाले, दुखापती कमी झाल्या आणि चेंडू हवा तिथे पडू लागला.

२००६ च्या डिसेंबरात तो पुन्हा भारताकडून दक्षिण आफ्रिकेत खेळला. जोहान्सबर्गला, जिथे त्याचे ते पहिले षटक फसले होते, त्याच शहरात भारताने दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरचा आपला पहिला कसोटी विजय मिळवला. त्या सामन्यात झहीरचे ५ बळी होते.

यानंतर सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. २००७ च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत बाद झाला. पण त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या कसोटीत झहीरने ९ बळी घेतले आणि तो सामनावीर ठरला. ती मालिका भारताने जिंकली. इंग्लंडमध्ये असा मालिका विजय भारताला १९८६ नंतर प्रथमच मिळाला होता. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईत श्रीलंकेविरुद्ध विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पहिले षटक पुन्हा झहीरचे. त्याच्या पहिल्या पाच षटकांत केवळ ६ धावा निघाल्या, तीन षटके निर्धाव गेली आणि एक बळी मिळाला. त्याच्या शेवटच्या पाच षटकांत मात्र ५४ धावा गेल्या! तरी भारत जिंकला. त्या स्पर्धेत झहीरचे २१ बळी होते. पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीचेही तितकेच होते. त्यांच्याहून जास्त कोणाचेच नव्हते. पुन्हा उभा राहिलेल्या माणसालाही फटके बसतात. पण तो पुढचे षटक टाकायला तयार असतो.

माझा भाऊ ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झाला. गणितात त्याला फार गुण मिळाले नाहीत. काठावरच पास झाला म्हणा ना! त्याचा फोटो कोणत्याही वर्तमानपत्रात आला नाही. पुढच्या वर्षी त्याला आय. टी. आय.मध्ये प्रवेश मिळाला. आज तो जळगावच्या एका कारखान्यात फिटर आहे. यंत्र बिघडले, की तो आधी शांतपणे बिघाड शोधतो. घाईने सगळे यंत्र खोलत नाही.

उर्दूत एक शब्द आहे, 'ज़िद'. हट्टी मुलाला आपण म्हणतो, "ज़िद मत करो." हाच शब्द मराठीत आला आणि 'जिद्द' झाला. मराठीत त्याचा अर्थ बदलला. हाती घेतलेले काम काही झाले तरी पूर्ण करण्याचा निर्धार म्हणजे जिद्द. "मला शाळेचं नाव सांगू नका," असे म्हणत भिंतीकडे तोंड करून पडणे, ही झाली ज़िद. सातवीचे पुस्तक उघडून रोज दहा उदाहरणे करणे, ही झाली जिद्द. दोन्ही शब्द तुमच्याच घरातले आहेत. कधी एखादे वर्ष वाईट गेले, तर यांपैकी कोणता शब्द निवडायचा, हे तुम्हीच ठरवा.