रेवसमार्गे खोपोली

खोपोलीहून मुंबईला जायचं तर लोकल, आणि मुंबईहून परतायचं तरी लोकलच. समुद्रातून खोपोलीला मी आयुष्यात एकदाच आलो, आणि तेही बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदाराच्या नादाने. सगळं गाव त्यांना शेठ म्हणतं, मीही तेच म्हणतो. मी निवृत्त शिक्षक, म्हणून ते मला मास्तर म्हणतात.

तारीख २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतमोजणीचा दिवस. पहाटेच्या गाडीत लौजीपासूनच पैजा लागत होत्या. डोलवली आणि केळवलीला चढलेल्यांनी त्यात भर घातली आणि पळसदरीपर्यंत सरकारसुद्धा बनलं. शेठ गप्प होते. मांडीवरच्या कापडी पिशवीत नारळ, तिळाची पुडी आणि खोपोलीच्या पाण्याची बाटली. कर्जतला मी दोन वडापाव घेतले. त्यांनी हात जोडले, "आज नको. काकाचा दिवस."

त्यांच्या वडिलांचे थोरले भाऊ, मोटाकाका, एकोणीस वर्षांचे असताना मोंबासाला निघाले होते. तिथल्या एका नातलगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं. डेकचं तिकीट, लोखंडी पेटी, वळकटी आणि वाटखर्चाला दिलेली रोकड, सगळा खर्च आजोबांनी चोपड्यात त्यांच्या नावे मांडला. पहिल्या कमाईतून फेडायचा, असा घरचा रिवाज. फेडायला माणूस राहिला नाही, पण खातंही कोणी बंद केलं नाही. दर दिवाळीला चोपडापूजन झालं की नव्या वहीत ती बाकी पुढे ओढतात. या दिवाळीलाही ओढली. दुकानात संगणक आला तरी ते एक पान हातानेच लिहिलं जातं.

बोटीचं नाव तिलावा. ब्रिटिश इंडिया कंपनीची, १९२४ साली बांधलेली, दहा हजार टनांची आगबोट. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून आफ्रिकेला निघाली. बोटीवर ९५८ माणसं होती: ७३२ उतारू, २२२ खलाशी-अधिकारी आणि चार तोफची. उतारूंमध्ये मोठा भरणा आफ्रिकेत दुकानं आणि नोकऱ्या असलेल्या कुटुंबांचा. तिसऱ्या रात्री, म्हणजे २३ तारखेच्या पहाटे, सेशेल्स बेटांच्या बऱ्याच अलीकडे जपानी पाणबुडीचा पहिला टॉर्पेडो लागला. बोट लगेच बुडाली नाही, आणि घात झाला तो तिथेच. अंधारात होड्या सोडताना चेंगराचेंगरी झाली. मग बोट तरंगतेय असं पाहून काहीजण पुन्हा वर चढले. तासाभराने दुसरा टॉर्पेडो आला. वायरलेसवरचा अधिकारी शेवटपर्यंत संदेश पाठवत राहिला आणि बोटीबरोबरच गेला. त्या संदेशामुळेच दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' ही युद्धनौका तिथे पोचली आणि २७ तारखेला वाचलेल्यांना घेऊन मुंबईत आली. ६७८ वाचले, २८० गेले.

"बाप रोज धक्क्यावर जायचे," शेठ म्हणाले, "तेव्हा बारा वर्षांचे होते. लढाईचा काळ, बोटीचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही. विचारायचं कुणाला?"

सीएसएमटीहून आम्ही चालत बॅलार्ड इस्टेटला गेलो. शनिवारची सकाळ, दगडी इमारती निवांत. २०२२ साली, बरोबर ८० वर्षांनी, याच भागात तिलावावरच्या माणसांची कुटुंबं जमली होती. देशोदेशींहून आली होती. शेठना ते नवसारीच्या चुलतभावाकडून कळलं, पण महिना उलटून गेल्यावर. त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. बंदराच्या फाटकावरच्या जवानाने पिशवीतला नारळ पाहिला आणि समजुतीने सांगितलं, "पासशिवाय आत नाही सोडता येणार, बाबा." शेठने फाटकालाच नमस्कार केला. आतली बोट तर सोडाच, पाणीसुद्धा दिसत नव्हतं.

समोरच्या टपरीवर चहा घेताना मी त्यांना एक गोष्ट सांगितली. सांगावी की नाही, हे गाडीत ठरत नव्हतं. तिलावा बुडवणाऱ्या पाणबुडीचा क्रमांक आय-२९. पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून उतरून सुभाषबाबू जिच्यात चढले, ती हीच. तीस वर्षं मी तो प्रसंग वर्गात रंगवून सांगितला. रबरी होडी, लाटा, दोन पाणबुड्या. पोरं श्वास रोखून ऐकत. पाणबुडी त्याआधी काय करून आली होती, हे मला ना पाठ्यपुस्तकाने सांगितलं, ना मी कधी शोधलं.

शेठने बशीतला चहा संपवला. "नेताजींचा फोटो दुकानात आहे," ते म्हणाले, "तो राहील." थोड्या वेळाने म्हणाले, "चांदीचं मात्र माहिती आहे मला."

चांदीचं ज्याला त्याला माहिती असतं. तिलावाच्या पोटात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारसाठी नाणी पाडायला निघालेल्या चांदीच्या विटा होत्या. २०१७ मध्ये एका खासगी कंपनीने समुद्राच्या तळातून, अडीच किलोमीटर खोलीवरून, २,३६४ विटा वर काढल्या आणि इंग्लंडला नेल्या. मग मालकी कुणाची यावर तंटा लागला, तो पार ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२४ मध्ये निकाल लागला, दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने. शेठ व्यापारी माणूस, चांदीबद्दल तक्रार नव्हती त्यांची. "विटा मोजलेल्या होत्या ना मास्तर. मोजलेला माल शोधतातच."

मशीद बंदराकडे खलाशांसाठी बांधलेलं सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नावांची तर वही आहे, एक प्रत मुंबईत आणि एक चितगावला. ब्रिटिश इंडियाच्या बोटींवर डेकचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे आणि खानपान सांभाळणारे गोवेकर, तेव्हा त्या वहीत आपली कोकणी आडनावं असणारच. तिलावाचे २८ खलाशी-अधिकारी गेले. डेकच्या उतारूचं नाव मात्र तिथे शोधण्यात अर्थ नाही. वही आहे ऐकून शेठची पावलं त्या दिशेला वळली होती, ती हे ऐकल्यावर थांबली. "मग आपलीच वही बरी," म्हणाले.

टॅक्सीने भाऊच्या धक्क्यावर आलो. मासळीचा वास, बर्फाच्या गाड्या आणि इथेही मोबाईलवर निकाल. रेवसची लाँच लागली होती. शेठचा बेत धक्क्यावरच नारळ सोडून परत फिरायचा होता, पण तिथलं तेलकट पाणी पाहून त्यांचं मन होईना. मीच म्हटलं, बसू या लाँचमध्ये, पुढचं पुढे बघू.

नोव्हेंबरातला समुद्र शांत असतो. कुलाब्याच्या इमारती मागे पडल्या. तांडेलाने लांबवर हात करून काशाचा खडक दाखवला, "रामदास तिकडं गेली." आमच्या जिल्ह्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. तिची आठवण रायगडातल्या घराघरात निघते. मेलेले याच किनाऱ्यावरचे होते, काहींचे देह किनाऱ्याला लागले, बोट बुडाल्याचं पोहून आलेल्यांनी सांगितलं. तिलावा बुडाली त्या दर्यावर असला किनारा नव्हता.

लाँच दक्षिणेला चालली होती, त्यामुळे पितरांसाठी वेगळं तोंड फिरवावं लागलं नाही. शेठ कठड्याशी गेले. ओंजळीत तीळ घेतले, मी बाटलीतलं पाणी सोडत गेलो. नारळ टाकला तशा सीगल पक्ष्यांनी झेपा टाकल्या, त्यांना बिस्किटांची सवय. नारळ आहे कळल्यावर नाराज होऊन परत फिरले. शेठ मोठ्याने हसले. दिवसभरातलं पहिलं हसू.

रेवसच्या जेटीवर उतरल्यावर मी त्यांना धरमतरच्या खाडीचं तोंड दाखवलं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून घाट उतरतं, खोपोलीच्या टाटांच्या वीजघरात १९१५ पासून वीज तयार करतं, मग पाताळगंगेतून वाहत वाहत याच खाडीत येतं. म्हणजे बाटली आणली नसती तरी चाललं असतं. "मास्तर, हे सकाळी सांगायचं," शेठ म्हणाले. "पिशवी हलकी झाली असती."

रेवस ते अलिबाग, अलिबाग ते पेण, पेणहून खोपोली: तीन एसट्या. पेणला गुलाल उधळत मिरवणूक चालली होती, गाडी अर्धा तास अडली. शेठने उपास सोडायला केळी घेतली आणि निम्मी मला दिली. खोपोलीत उतरलो तेव्हा अंधार पडला होता.

दुकानाच्या पायरीवर त्यांनी खिशातून लाँचची दोन तिकिटं काढली, हातानेच सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमचं तिकीट मी काढलेलं. ते तुमच्याकडे मागणार नाही."

"मग?"

"काकाच्या नावे टाकतो," म्हणाले, आणि वही काढायला आत गेले.