केंब्रिजमधील खरवडलेली पोथी

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा विटांचा मनोरा दुरूनच नजरेत भरतो. १९३४ साली उघडलेल्या या वास्तूचे आणि लंडनच्या लाल टेलिफोन बूथचे रचनाकार एकच, सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट. येथील ‘कोडेक्स झॅकिन्थिअस’ ही ग्रीक पोथी मात्र प्रथमदर्शनी साधी वाटते. बाराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेली १७६ पाने. त्यांवर चर्चमध्ये वर्षभर वाचावयाचे शुभवर्तमानांतील उतारे.

तिचे खरे धन खालच्या थरात आहे. पाने चर्मपत्राची, म्हणजे जनावराच्या कातड्याची. ताडपत्राच्या पोथ्या जपणाऱ्या घरांना हे साहित्य रुचणार नाही. तिकडे ते महाग होते. म्हणून जुन्या पानांवरील शाई खरवडून, पान मधोमध दुमडून, त्यावर आडवे नवे लेखन करीत. येथे खरवडला गेला तो इ. स. ७००च्या सुमाराचा, लूककृत शुभवर्तमानाचा सटीक ग्रंथ. मध्यभागी मूळ संहिता आणि तिच्या भोवती टीका: ओरिजेन, क्रिसोस्टम, अलेक्झांड्रियाचा सिरिल अशा आचार्यांची वचने एकापुढे एक ओवलेली. या रचनेला ख्रिस्ती विद्वानांत ‘साखळी’ असेच नाव आहे.

त्या साखळीत अँटिओकचा सेव्हेरसही आहे. ५३६ साली तो पाखंडी ठरला आणि सम्राट जस्टिनियनने त्याचे ग्रंथ जाळण्याचे फर्मान काढले. त्याचे मूळ ग्रीक लेखन बहुतांशी नाहीसे झाले. येथे मात्र, फर्मानानंतर दीडएकशे वर्षांनी, कोणा लेखकाने ते इतर आचार्यांच्या पंक्तीत नावानिशी उतरवून ठेवले.

पोथी पूर्वी झाकिंथोस या ग्रीक बेटावर होती. १८२० साली तेथील प्रिन्स कोमुटो यांनी ती जनरल कॉलिन मेकॉले यांना भेट दिली. हे त्रावणकोरचे माजी रेसिडेंट, आणि ज्यांच्या नावाने भारतात आजही बोटे मोडली जातात त्या मेकॉलेंचे चुलते. त्यांनी ती लंडनच्या बायबल सोसायटीस दिली. १८६१ मध्ये ट्रेगेल्स यांनी पुसट अक्षरांतून मूळ संहिता वाचून छापली, पण टीका तशीच राहिली.

पुढे सोसायटीने पोथी विकावयास काढली. किंमत ११ लाख पौंड. ती ग्रंथालयालाही झेपणारी नव्हती. कँटरबरीचे माजी आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी देणग्यांसाठी आवाहन केले आणि २०१४ साली व्यवहार पुरा झाला. त्यानंतर वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात पानांची छायाचित्रे घेण्यात आली. त्यांवरून बर्मिंगहॅम विद्यापीठातील अभ्यासकांनी टीकाही वाचून काढली. ती पाने आता कोणालाही घरबसल्या, विनामूल्य पाहता येतात.