बुवांनी सांगितलं, की तू?

आजीचं मांडीचं हाड मोडलं त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरातलं, हरिकीर्तनोत्तेजक सभेचं कीर्तन हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. आता ती माजघरातल्या खाटेवर खिळली होती. तिनंच तोड काढली. शेजारच्या काकूंबरोबर मी जायचं, नीट ऐकायचं आणि घरी येऊन तिला सगळं सांगायचं.

पूर्वरंग मला फारसा कळत नसे. निरूपणाचा अभंग कोणता होता एवढं सांगून मी मोकळी होई. मध्ये नामाचा गजर होऊन बुवा आख्यानाला उभे राहिले, की माझे कान टवकारत. आजीला पूर्वरंगही हवा असे. "आधी काय बोलले ते कळल्याशिवाय हेच आख्यान का लावलं ते कसं कळायचं गं?" असं ती म्हणे. पुढे वैचारिक लेख लिहिताना मला हे फार उपयोगी पडलं. पूर्वरंगात जो विचार मांडायचा, तोच उत्तररंगात माणसाच्या अंगावर चढवून दाखवायचा, ही नारदीय कीर्तनाची घडण. लेखाची याहून चांगली घडण मला अजून सापडलेली नाही.

एकदा बुवांनी हिरकणीचं आख्यान लावलं. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं लेकरू आणि काळोखात उतरलेला तो कडा. मी अगदी रंगात येऊन सांगत होते. ती कडा उतरू लागली, एवढं म्हटलं आणि आजीनं मला थांबवलं.

"दुधाचं भांडं कुठं ठेवलं तिनं?"

बुवांनी भांड्याचं काहीच सांगितलं नव्हतं. पण डोळ्यांपुढे ते लख्ख दिसत होतं. म्हटलं, "कड्याच्या काठाशी. उपडं ठेवलं. सकाळी येऊन न्यायचं म्हणून."

आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "हे बुवांनी सांगितलं, की तू?"

"मी."

"छान आहे. मला दिसलं ते. पण मग सांगताना म्हणावं, की हे माझं."

रागावली नव्हती ती. हातानंच खूण करून म्हणाली, "हं, मग?"

त्या "मग?"वर मी वाढले. हाड जुळायला सात-आठ महिने लागले आणि तेवढ्या काळात मी तिला किती आख्यानं सांगितली याची मोजदाद नाही. तिचे डोळे मिटले, की समजायचं, आपण पाल्हाळ लावला. ती कोपरावर उठून बसली, की समजायचं, आता घाई करायची नाही.

थांबणं म्हणजे काय ते मात्र पुढे कळलं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी मराठी कथा गावोगावच्या व्यासपीठांवर नेली. तिघेही आतून खेड्यांतले आणि नोकरीनिमित्त पुण्यात मुरलेले. मिरासदारांची 'भुताचा जन्म' मी आधी वाचली होती, मग त्यांच्या तोंडून ऐकली. शब्द ओळखीचे होते, पण ते थांबत त्या जागा पानावर नव्हत्या. सभागृह श्वास रोखून बसे आणि ते बसू देत. त्या रात्री मी माझ्या कथेच्या वहीत कितीतरी वाक्यं खोडली. श्रोत्याला स्वतः चालत यायला जागाच ठेवली नव्हती मी.

आजीच्या "बुवांनी सांगितलं, की तू?" या प्रश्नाची परीक्षा २०११ साली झाली. पानशेतच्या पुराला ५० वर्षं होत होती आणि मी लेख लिहायला घेतला. १२ जुलै १९६१च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. मुठेचं पाणी काठच्या पेठांत शिरलं. हे सगळं लिहून झालं, तरी लेख कोरडाच राहिला. मग नारायण पेठेतल्या एका वृद्ध बाईंकडे गेले आणि विचारलं, "बाहेर पडलात तेव्हा चुलीवर काय होतं?" त्या चटकन म्हणाल्या, "आमटी. फोडणी घातली होती नुकतीच." आणि पुढचा तासभर मी फक्त लिहून घेत राहिले. जिना चढताना हातात काय होतं, हे मात्र त्यांना आठवेना. मला तिथे मुलाचा हात दिसत होता, देवाचा डबा दिसत होता. काहीही लिहिलं असतं तरी खपलं असतं. मी लिहिलं, "हातात काय होतं ते त्यांना आठवत नाही." कथा असती तर डबा ठेवला असता, आणि ती कथा म्हणूनच छापली असती. या दोन लेखनांमधली वेस मला त्या खाटेनं दाखवली.

आजी पुन्हा हिंडू-फिरू लागल्यावरची एक दुपार आठवते. ओसरीवर काकू तांदूळ निवडत होत्या आणि आजी त्यांना हिरकणी सांगत होती. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले होते. गोष्ट कड्यापाशी आली आणि आजी थांबली.

"तिनं दुधाचं भांडं काठाशी उपडं ठेवलं," ती म्हणाली. आणि मग जरा आवाज चढवून, मला आत ऐकू जावं असं, "हे भांड्याचं आमच्या नातीचं हो."