श्रेणि आणि हातोडा

'श्रेणि' हा शब्द आपल्याकडे आतां परीक्षेच्या निकालापुरता उरला आहे. वस्तुतः एकच धंदा करणाऱ्या कारागिरांच्या संघाला प्राचीन काळीं हें नांव होतें, आणि अशा संघाची पत केवढी असे, हें नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका कोरीव लेखावरून दिसतें. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं गोवर्धन येथील विणकरांच्या एका संघाकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं. वर्षाचें व्याज २४० कार्षापण होई, तें लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं १२ प्रमाणें वस्त्रासाठीं द्यावयाचें. राजे येतील आणि जातील, पण विणकरांचा संघ राहील, असा भरंवसा असल्यावांचून कोणी आपलें मुद्दल असें कायमचें सोडीत नाहीं.

परंतु असा संघ टिकतो कशानें? या प्रश्नाचा विचार करण्याचा योग गेल्या उन्हाळ्यांत, तोही परमुलुखांत, आला. माझी पुतणी विवाहानंतर इंग्लंडांत स्थायिक झाली आहे. जुन्या गृहोपयोगी वस्तूंची घडण आणि तिचा इतिहास यांचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळाची ती सभासद. त्या मंडळाचें वार्षिक संमेलन चिपिंग कॅम्पडन या गांवीं भरावयाचें होतें. "काका, तुम्ही चलाच. तुमच्या श्रेणीची गोष्ट तेथें पुरी होईल," असा तिनें आग्रह धरला, आणि मी गेलों.

कॉट्सवोल्ड टेंकड्यांच्या कुशींतलें हें गांव मधाच्या रंगाच्या दगडांनीं बांधलेलें आहे. लोंकरीच्या व्यापारानें एके काळीं तें संपन्न झालें. भर रस्त्यांत १६२७ सालीं बांधलेला बाजारचा मंडप अजून उभा आहे. मात्र मंडळी जमलीं होतीं तीं दुसऱ्याच कारणासाठीं. चार्ल्स रॉबर्ट ॲशबी नांवाच्या तरुण वास्तुशास्त्रज्ञानें १८८८ सालीं लंडनच्या पूर्वभागांतील गरीब वस्तींत 'गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट' हा कारागिरांचा संघ स्थापिला. रस्किन आणि मॉरिस यांच्या विचारांनीं तो भारलेला होता. यंत्रानें वस्तू स्वस्त होते, पण ती करणारा माणूस यंत्राचा एक दांता होऊन बसतो, हें त्याचें शल्य. १९०२ सालीं तो आपले कारागीर व त्यांचीं बायकामुलें मिळून सुमारें दीडशें माणसें घेऊन लंडन सोडून या खेड्यांत आला, आणि एका ओस पडलेल्या जुन्या रेशीम-गिरणींत सुतार, लोहार, चांदीकाम करणारे यांचीं बांकें मांडलीं गेलीं.

हा संसार फार दिवस चालला नाहीं. पांचसहा वर्षांतच संघाची कंपनी गुंडाळावी लागली. लंडनचें गिऱ्हाईक दूर राहिलें. तशाच घाटाच्या वस्तू कारखानदार स्वस्त विकूं लागले. आणि मंदी आली म्हणजे शहरांत कारागिराला दुसरीकडे काम मिळे, तें खेड्यांत मिळेना. हेतु शुद्ध असला म्हणून चूल पेटतेच असें नाहीं.

संमेलनाचें स्वरूप आपल्या एखाद्या ग्रंथालयाच्या वार्षिक सभेसारखेंच होतें. मागील सभेचा वृत्तान्त झाला, जमाखर्च मंजूर झाला, जुनेच चिटणीस पुन्हां निवडले गेले, एक विद्वत्तापूर्ण व्याख्यान झालें, आणि मग चहा. मंडळी अत्यंत सुसंस्कृत. एकेका चमच्याच्या दांड्यावर अर्धा अर्धा घटका बोलणारी. परंतु सभोंवार दृष्टि टाकली तों बहुतेक डोकीं माझ्यासारखींच पांढरीं! संघाच्या वस्तू जतन कशा कराव्या, यावर पुष्कळ ऊहापोह झाला. शेवटीं माझ्या पुतणीनें उठून विचारलें, "वस्तू आपण जपतों, पण ती घडविणारे हात जपण्यासाठीं आपण काय करतों?" सभा क्षणभर स्तब्ध झाली.

त्या प्रश्नाचें उत्तर सभेंत मिळालें नाहीं. तें जुन्या गिरणींत, जिना चढून गेल्यावर, मिळालें. ॲशबीचा संघ मोडला तेव्हां त्यांत येऊन चांदीकाम शिकलेला जॉर्ज हार्ट हा कारागीर तेथेंच राहिला. त्याच्या मागून मुलगा, नातू आणि आतां चौथी पिढी त्याच जागेंत काम करीत आहे. छताला आंकड्यांना अडकविलेल्या जुन्या बिलांचे घोसच्या घोस लोंबत आहेत. खालीं बांकांवर हातोड्या मांडलेल्या. चांदीचा सपाट पत्रा लोखंडी आधारावर धरून ठोके देत देत वाटी वर उठवितात. ठोक्यांनीं चांदी ताठरते. मग ती तापवून मऊ करावयाची आणि पुन्हां ठोके. घाई केली तर पत्रा तडकतो. आमच्या व्याकरणाच्या पाठांतराची मला आठवण झाली: आवृत्तीशिवाय सिद्धि नाहीं, आणि आवृत्तीला धीर धरणारें घर पाठीशीं लागतें.

येथें एक संबंध आपल्या बाजूचाही आहे. सिंहलद्वीपाचे आनंद कुमारस्वामी हे या गांवाच्या शेजारीं, ॲशबीनें दुरुस्त केलेल्या एका जुन्या चॅपेलांत, कांहीं काळ राहिले. सिंहली कलेवरील त्यांचा मोठा ग्रंथ मॉरिसच्या हातछापयंत्रावर तेथेंच छापला जाऊन १९०८ सालीं निघाला. आणि १९०९ सालच्या त्यांच्या हिंदी कारागिरावरील पुस्तकाला ॲशबीनें प्रस्तावना लिहिली. आपल्याकडील कारागिराचें जीवन गांवांत आणि श्रेणींत कसें सुरक्षित होतें, हें कुमारस्वामींनीं त्यांत दाखविलें आहे. मात्र आपल्या श्रेणीचें दार बहुधा जन्मानें उघडे. ॲशबीच्या संघाचें दार शिकूं इच्छिणाऱ्या कोणालाही उघडें होतें. एकाजवळ टिकण्याचें बळ होतें, दुसऱ्याजवळ मोकळेपणा. हार्ट घराण्यानें हीं दोन्ही एकत्र आणलीं असें मला वाटतें.

हें सारें लिहिण्याचें कारण घरगुती आहे. माझ्या धाकट्या बंधूंचा नातू बारावी झाला, आणि पुण्याच्या तांबट आळींत बसून तांब्याचें काम शिकावें असें त्यानें घेतलें. घरांत वादळ उठलें. बंधु म्हणाले, "दादा, सात पिढ्या पोथी आणि पाटी. आतां हा घण धरणार?" त्याची आई कांहींशी निराळें बोलली: "मोठे काका, घणाची मला लाज नाहीं. पण यांत त्याचें पोट भरेल का?"

बंधूंच्या प्रश्नाला उत्तर सोपें आहे. पाणिनीचीं सूत्रें घोकणारी जीभ आणि पत्रा उठविणारा हात यांची शिस्त एकच. आईचा प्रश्न मात्र खरा आहे. कॅम्पडनचा संघ त्याच प्रश्नावर मोडला, आणि त्याकडे डोळेझांक करून कारागिरीचे गोडवे गाणें हा ढोंगीपणा होय. नारदस्मृतींत शिल्प शिकणाऱ्या अन्तेवासीचे नियम आहेत: मुदत आधीं ठरवावी, गुरूनें त्याला आपल्या घरीं जेवूं घालून शिकवावें, दुसरीं कामें सांगूं नयेत, पुत्रवत् वागवावें. म्हणजे शिकण्याच्या काळांत पोटाची चिंता दुसऱ्यानें वाहावयाची, हें तत्त्व. आज तसें गुरुगृह मिळणें कठीण. पण तो भार एकत्र कुटुंब उचलूं शकतें. एकट्या बापाला मुलाचीं दोन वर्षें बिनमिळकतीचीं जड जातील. चार मिळवत्या हातांच्या घराला तीं जड जाऊं नयेत. अभियांत्रिकीच्या शिक्षणाला चार वर्षें आपण खर्च करतोंच कीं!

दोन वर्षांची मुदत, जेवणखाण घरचें, आणि संध्याकाळीं हिशेब व इंग्रजी यांचा अभ्यास, असें आम्हीं ठरविलें आहे. बंधु अजून पुरते राजी नाहींत. परंतु नव्या चरवीची किंमत त्यांनीं परवां आपण होऊन विचारली. वाचकांच्या घरीं असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांनीं त्याला हसूं नये, आणि नुसती शाबासकीही देऊं नये. मुदत ठरवावी, पानावर त्याचें ताट ठेवावें, आणि त्याची पहिली वाटी वेडीवांकडी झाली तरी योग्य दाम देऊन विकत घ्यावी.