बाईने शिकवलेली वेणी

आमच्या हातात विणकामाच्या सुया पाहून सकाळच्या गाडीतले सोबती पहिल्या दिवशी पोटभर हसले. दरेकसा ते गोंदिया हा आमचा रोजचा प्रवास. सालेकसा गेले, धानोली गेले, आमगाव आले तरी हसणे थांबेना. एकाने विचारले, "भाऊ, वहिनीनं संप केला का?" आम्ही गप्प राहिलो. कारण त्या वेळी आम्ही सुईवरचे चौदा टाके मोजत होतो आणि ते तेराच भरत होते.

आम्ही बी.कॉम. शिकलो, कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी समाजाच्या कामात असतो. आमचे शिक्षण झाले ते थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या बाईच्या, विड्यांवर. विडीची मजुरी हजारामागे मिळते. बाईचे हजार पूर्ण झाले की आमची फी भरली जायची. विड्या संपल्या की ती सुया घ्यायची. दरेकशाच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका बंगाली काकूंकडून ती लहानपणी विणकाम शिकली होती. आमच्या भागात डोंगर आणि जंगल. हाजरा धबधब्याकडून वारा सुटला की हिवाळ्यात दात वाजतात. गल्लीतल्या कितीतरी पोरांच्या अंगात बाईच्या हातचे स्वेटर असत. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र आम्ही कायम जुनी शालच पाहिली.

दोन वर्षांपूर्वी बाईला काचबिंदू असल्याचे कळले. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. नागपूरला तपासणी करून परतताना आम्ही तिला तिबेटी विक्रेत्यांच्या स्वेटर बाजारात नेले. तिबेटी माणसे आपल्याला नवी नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. देश सुटला तरी स्वेटर विकून त्यांनी संसार उभे केले. त्यातला बराच माल लुधियानाच्या कारखान्यांतून येतो. तिथे मशीनवर विणलेला, वेण्या घातलेला एक स्वेटर आम्ही बाईच्या हातात दिला. तिने डोळ्यांनी पाहिलाच नाही. बोटे फिरवली आणि म्हणाली, "नको घेऊ बापू. हे वेणी मले येते."

"आता कशी विणशील?"

"मी कायले? तू वीन. मी सांगतो."

अशी आमची शाळा सुरू झाली. नऊ नंबरच्या दोन सुया आणल्या. तिसरी, वेणी घालायची आखूड सुई बाईने घरीच करायला लावली. सायकलच्या जुन्या आऱ्याचा वीतभर तुकडा, दोन्ही टोके दगडावर घासून गुळगुळीत केलेला.

ज्यांना साधे सुलट-उलट येते त्यांना वेणी अवघड नाही. सरावासाठी चौदा टाके घालावेत. सरळ बाजूला चार उलट, सहा सुलट, चार उलट. मागच्या बाजूला चार सुलट, सहा उलट, चार सुलट. चार ओळी अशाच विणाव्यात. पाचव्या ओळीत चार उलट झाले की पुढचे तीन टाके न विणता तिसऱ्या सुईवर घेऊन पुढच्या बाजूला सोडावेत. मग त्यानंतरचे तीन सुलट विणावेत आणि नंतर तिसऱ्या सुईवरचे तीन सुलट विणावेत. शेवटी चार उलट. बस्स, पीळ पडला. सहावी, सातवी, आठवी ओळ साधी, आणि पुन्हा पहिलीपासून. तिसरी सुई पुढे धरली तर पीळ डावीकडे झुकतो, मागे धरली तर उजवीकडे. सगळी जादू एवढीच, की टाक्यांनी एकमेकांच्या जागा बदलायच्या.

पंधरा दिवसांत सरावाचा तुकडा जमला आणि आम्हाला चढली. बाईला न विचारता तिच्या स्वेटरची पाठ सुरू केली. इंचाला पाच टाके, अठरा इंचांना नव्वद, असा कारकुनी हिशेब मांडला. चार वेण्या घालून पाठ जवळजवळ पूर्ण विणली. मापली तर साडेसोळा इंच! बाईने हात लावला आणि हसली. वेणी कापड आत ओढते, म्हणून प्रत्येक वेणीमागे दोन-तीन टाके जास्त घ्यावे लागतात, हे तिला ठाऊक होते. आम्ही विचारलेच नव्हते. सगळे उसवले आणि अठ्ठ्याण्णव टाक्यांनी पुन्हा सुरुवात केली.

त्या रात्री आम्ही आणखी एक हिशेब मांडला. अठ्ठ्याण्णव टाके, एकशे चाळीस ओळी. काखेची घट सोडली तर एका पाठीचेच १३,७२० टाके. बाईला सांगितले तर ती म्हणाली, "मनजे तेरा हजार विड्या झाल्या. पैसे नाही भेटले, एवढंच."

आम्ही कितीतरी सभांमधून बायकांच्या कष्टांचे मोल सांगत आलो. टाळ्याही घेतल्या. घरातल्या बाईचे टाके मात्र आयुष्यात पहिल्यांदा त्या रात्री मोजले.

आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रात अरान नावाची बेटे आहेत. वेण्यांच्या स्वेटरसाठी ती जगभर प्रसिद्ध आहेत. तिथे प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असते आणि बुडालेला कोळी तिच्यावरून ओळखतात, असे सांगतात. ते खरे नाही. मात्र जे. एम. सिंग यांच्या १९०४ सालच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात एक बहीण बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते. आपण किती टाके घातले आणि त्यातले किती सुटले, हे तिच्या लक्षात असते. विणणारीला आपला हिशेब आठवतो, आणि आपली चूकही.

आमचीही चूक झाली. पुढच्या भागात डाव्या वेणीचा एक पीळ गाडीच्या हिसक्यात उलट्या दिशेला पडला. आम्हाला कळले तेव्हा वर वीस ओळी झाल्या होत्या. दिसणार नाही, असे मनाशी म्हणून आम्ही पुढे गेलो. बाईचे बोट मात्र नेमके तिथे थांबले. आम्ही उसवायला सुई काढली, तर तिने हात धरला.

"राहू दे. पुढचं कोनतं, मागचं कोनतं, मले कसं समजन?"

गेल्या हिवाळ्यात तिने तो स्वेटर घातला. रोज सकाळी डाव्या बाजूची ती चुकलेली वेणी बोटाने शोधते आणि मगच डोक्यातून घालते. गाडीतल्या त्या सोबत्याने परवा हळूच विचारले, "भाऊ, मायच्यासाठी विनाचं होतं. किती टाके घेऊ?"

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरात अशी एखादी माय, बाई, आत्या असेल. तिच्या हातात काय काय आहे ते तिला विचारा. आणि टाके घालण्याआधी विचारा. आमच्यासारखे उसवत बसू नका.