धाराऊची गोष्ट आणि आमच्या घरातलं बाळ



शिवजयंतीला शिवनेरीच्या पायथ्याच्या मुलांना मी शंभूराजांच्या दूधआईची, कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांची गोष्ट दरवर्षी सांगते. १६५७ साली पुरंदरावर शंभूराजे जन्मले. सईबाईंची तब्येत नाजूक, म्हणून धाराऊंनी त्यांना पाजलं. मीही ती फक्त गोष्ट म्हणूनच सांगत होते, २०२० पर्यंत.

त्या वर्षी गुढीपाडव्यालाच लॉकडाऊन सुरू झाला. आमचं घर जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्याच्या पुढे. भावाचं बाळ दीड महिन्याचं. मध्यंतरी वहिनी तापाने आजारी पडली, डॉक्टरांनी पावडरचा डबा लिहून दिला. बाळ बाटलीला लागलं आणि अंगावरचं दूध आटत गेलं. तेवढ्यात डबाही संपला. मेडिकलवाला फोनवर म्हणाला, "ताई, मालच आला नाही."

आईने ट्रंकेतून बोंडलं काढलं. "गाईच्या दुधात पाणी घालून पाजू. तुम्ही त्याच्यावरच वाढलात." आशाताईंनी अडवलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसतं गाईचं दूध किडनीला जड जातं, त्यात लोह फार कमी, आणि पाणी घातलं की पोषण पातळ होतं. शेळीच्या दुधात तर फोलेटही पुरेसं नसतं. (मध चाटवायची हौस असेल तर तीही एक वर्षापर्यंत नको.)

मग काय पाजायचं? आशाताई म्हणाल्या, दूध परत येतं. दर दोन तासांनी बाळाला छातीशी धरायचं, रात्रीही. हाताने पिळून निघेल ते उकळलेल्या वाटीत घ्यायचं आणि वाटी-चमच्याने द्यायचं. बाटली बंद. पण तोवर बाळाचं पोट? शेजारणीचं बाळ पाच महिन्यांचं होतं. आशाताईंनी तिचं कार्ड उघडून रक्ततपासणीचे रिपोर्ट पाहिले, मगच तिला विचारलं. ती लगेच उठली.

आईचा चेहरा मात्र उतरला. शेजारीण आमच्या जातीची नाही. तोंडाने कुणी बोललं नाही, पण तुम्हाला कळतं ना, घरात काय शिजतंय ते. मी धाराऊंची गोष्ट काढली. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिचं तिच्या पोराला पुरंल का?" आणि उठून अळीव भिजत घातले. रोज सकाळी नाचणीची भाकरी आणि अळिवाची खीर शेजारी जाऊ लागली.

पहिले चार दिवस वहिनीच्या वाटीत जेमतेम चमचाभर. ती रडायची. आम्ही बाळाचे ओले लंगोट मोजायचो, दिवसाला सहा तरी हवेत. दहाव्या दिवशी बाळ तिच्याकडे पोटभर प्यायलं आणि झोपलं.

मोठ्या शहरात दुग्धपेढ्या आहेत. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये पहिली सुरू केली. तिथे दान आलेलं दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून देतात. पण ते मुख्यतः दवाखान्यातल्या नाजूक बाळांसाठी. आमच्या डोंगरात आशाताई आणि शेजारीण, हीच पेढी. तुमच्याकडे अशी वेळ आली तर आधी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा. बाळ सुस्त वाटलं, लघवी कमी झाली, तर वाट बघू नका.

पावडरचा डबा पुढे आला. गरज पडली नाही. आईने त्यात आता हळद भरून ठेवलीय.