शेवटची रांग

संगमेश्वराकडच्या आमच्या घरी वैशाख म्हणजे लाकडांचा महिना. आंबे, फणस, लग्नसराई हे सगळं असेच. पण आजीचं लक्ष गोठ्याशेजारच्या खोपीकडे. ऐन-किंजळाची फोडलेली लाकडं, सोडणं, करवंट्या, गोवऱ्या मिरगाच्या आत छपराखाली आलीच पाहिजेत. आम्हा पोरांना आगोटीतलं एकच काम, लाकडं हाताहाती पोचवायची. भिंतीला लागून पहिली रांग रचून झाली की आजी बजावी, "हिला हात लावायचा नाही. ही गणपतीची."

सगळ्यांत सुकं, जड लाकूड त्या रांगेत जाई. आषाढ-श्रावणात दमट काटक्या धुमसत, फुंकणी फुंकून घसा कोरडा पडे, डोळे चुरचुरत. तरी आजी तिथून एक लाकूड काढू देत नसे. भाद्रपदात मुंबईचे चाकरमानी येत. बाहेर पाऊस अजून कोसळतच असे आणि घरात पंक्तींमागून पंक्ती उठत. त्या दिवशी मोदकपात्राखाली ऐनाचा निखळ जाळ पेटे.

पुढे आम्ही मुंबईला गेलो. तिथे गॅस होता, लाकडांचा विषयच संपला. लग्न होऊन अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या सासरच्या शेतावर आले, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. घर जुनं, माणसं मोजकी, थोड्या मेंढ्या, कोंबड्या आणि डोंगरउतारावर मेपलचं रान. घराला ऊब देणारी शेगडी लाकडावर चालते. इथे लाकूड कॉर्डवर मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड. फोडलेलं लाकूड निदान वर्षभर वाळवावं लागतं. ओलं जाळलं तर धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि तो पेटला तर घर जातं.

न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांचा एक जुना हिशेब आहे. २ फेब्रुवारीला निम्मं लाकूड आणि निम्मा चारा शिल्लक हवा. सासूबाईंनी तो मला पहिल्याच हिवाळ्यात सांगितला. मला तो फार काटेकोर वाटला नाही, ओळखीचा वाटला. दिनदर्शिकेतला वसंत वीस मार्चच्या सुमाराला येतो. पण एप्रिलमध्ये सकाळी दार उघडावं, तर पुन्हा पायरीवर बर्फ. मार्चमध्येच आलेले लाल खांद्यांचे काळे पक्षी पांढऱ्या कुंपणावर बसून ओरडत असतात. खिडकीतल्या ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं उजेडाकडे माना लांबवतात. अंगणात पाऊल घोट्यापर्यंत रुततं, कारण वरची माती सुटलेली, खालची अजून गोठलेली आणि पाण्याला मुरायला वाट नाही.

या उशिरा पडणाऱ्या बर्फाचा इथे कुणी राग करत नाही. त्याला ‘शुगर स्नो’ म्हणतात. रात्री गोठण आणि दिवसा वितळण असेल तोवरच मेपलचा रस वाहतो. कळ्या फुगायला लागल्या की त्याची चव बिघडते. बर्फ कळ्यांना थोपवतो आणि रसाचे दिवस वाढवतो. ताज्या रसात साखर जेमतेम दोन टक्के. चाळीस लिटर आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. या भूमीचे मूळ रहिवासी अबेनाकी लोक गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासून हा रस आटवत आले. आमच्या भट्टीतला जाळ पहाटेपासून रात्रीपर्यंत विझू द्यायचा नसतो. मेंढ्याही याच दिवसांत वितात. एखादं कोकरू गारठून निपचित पडलं, तर त्याला खोक्यात घालून शेगडीजवळ ठेवतात.

म्हणजे हिवाळा संपत आला की लाकडाची गरज कमी होत नाही, वाढते. हे इथल्या माणसांनी फार पूर्वी ओळखलं आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्यामुळे पुढच्या वर्षी व्हरमाँटमध्ये जूनमध्ये बर्फ पडला. कोकणात मृगाकडे डोळे लागतात त्याच सुमाराला. पिकं गेली, पुष्कळ कुटुंबं शेतं सोडून पश्चिमेकडे निघून गेली. उशिराचा बर्फ गोड रस देतो तसा घरंही रिकामी करतो, हे ठाऊक असलेल्या माणसांचा तो फेब्रुवारीचा हिशेब आहे.

थंडीच्या ऐन कडाक्यात अंगात हिंमत असते. सगळा गाव सावध असतो, शेजारी चौकशी करतात. खरा कस पुढे लागतो. मन ऋतू संपला असं धरून चालतं, अंग थकलेलं असतं आणि नेमके तेव्हाच पाहुणे येतात, कोकरं जन्मतात, रस वाहू लागतो. तिथे हिंमत पुरत नाही. राखून ठेवलेलं लागतं. काटकसर हा शब्द मला यासाठी अपुरा वाटतो. आजी कंजूष नव्हती. आनंदाच्या दिवशी हात आखडता घ्यावा लागू नये, म्हणून ती आषाढात धूर सोसत होती.

आता आमच्या रानातले ॲशचे वृक्ष आजारी आहेत. त्या झाडाची साल पोखरणारा हिरवा भुंगा व्हरमाँटमध्ये २०१८ मध्ये पहिल्यांदा सापडला. भुंगा लाकडाबरोबर पसरतो, म्हणून जळण दूर न्यायचं नाही, जिथलं तिथेच वापरायचं. चिखल वाळला की आम्ही ते वृक्ष तोडू. ते लाकूड येत्या हिवाळ्यासाठी नाही, त्याच्या पुढच्यासाठी. ॲश संपले की काय जाळायचं, याचा विचार मात्र आत्ताच करायला हवा. म्हणून उताराच्या कडेला बर्च आणि मेपलची कोवळी झाडं मोकळी करायला आम्ही सुरुवात केली आहे. ती लाकडाजोगी होतील तेव्हा घरात कोण असेल ते सांगता येत नाही. पण एप्रिलमध्ये बर्फ पडणार आणि कुणाच्या तरी भट्टीवर रस असणार, एवढं धरून चालायला हरकत नाही.